काशाचं घुबड आणि मेलेले आजोबा

१

ज्या सकाळी आमच्या घराण्याचं घुबड नाहीसं झालं, त्या सकाळी मी नुकताच मेलो होतो.

तसा मी धडधाकट होतो, फक्त उपाशी होतो. हिवाळ्यात पितरांना जेवू घालायचं तर पितराच्या जागी कुणीतरी बसायला हवं, आणि तिथे नातूच बसतो, हा आमच्या झोऊ देशाचा रिवाज. कासवाच्या कवचाला तापलेली काडी टेकवतात, कवचाला तडा जातो, आणि तो तडा वाचून पुरोहित सांगतात की यंदा कोण मरणार. यंदा मी. मग उपास, स्नान, पुन्हा उपास आणि शेवटी आजोबांचा झगा. झगा घालून पितरांच्या देवळाचा उंबरा ओलांडला की मी फांग उरत नाही, आजोबा होतो. माझे वडील बो-हे मला 'बाबा' म्हणतात आणि कमरेत वाकतात. काका वाकतो. आजी मला 'अहो' म्हणते. या शेवटच्या गोष्टीची तयारी कुठल्याही उपासानं होत नाही.

झगा सावरत मी उंबऱ्यावर पाय ठेवला, तोच पुढे गेलेल्या पुरोहित गूंची किंकाळी आली. पाठोपाठ धप्प असा आवाज.

"घुबड!" जमिनीवर बसल्या बसल्याच ते ओरडले. "घुबड गेलं! आणि इथे कुणीतरी बर्फ ठेवलाय!"

घुबड काशाचं होतं. आम्ही झोऊंनी हरवलेल्या शांग राजाची राजधानी पडली तेव्हा बाकीच्यांनी रथ लुटले, घोडे लुटले. आमचे आजोबा मांजराएवढं घुबड काखेत मारून घरी आले. दोन पाय आणि शेपटी यांवर ते उभं राहायचं. छातीवर खवले, पंखांवर वेटोळे घातलेले साप, उभारलेले दोन कान, आणि डोकं उचललं की आत मद्य. दर वर्षी घरधन्यानं त्यातून सुगंधी मद्याची पहिली धार जमिनीवर सोडायची. तो वास खाली गेला की पितर वर येतात.

"घुबड नाही तर धार नाही, आणि धार नाही तर पितर येणार कसे?" पुरोहितांनी मोठ्यानं विचारलं.

मी उंबऱ्यातच उभा होतो. मलाही माहीत नव्हतं.

बाकीची भांडी ओट्यावर जागच्या जागी होती. आमच्या भांड्यांवर चेहरा असतो. शिंगं, भुवया, मधोमध नाकाचा उभा कणा आणि दोन्हीकडे बटबटीत डोळे. खालचा जबडा नसतो, त्यामुळे तो सगळं बघतो आणि काहीच बोलत नाही. आमच्या घरात असा दुसरा कुणी नाही. त्या सकाळी मात्र ओट्यावरच्या सगळ्या चेहऱ्यांच्या सगळ्या डोळ्यांत कुणीतरी शिजवलेल्या बाजरीचे चिकट गोळे दाबून बसवले होते. अगदी नीटनेटके.

"चोरानं आमची भांडी आंधळी केली!" काका शू-मिन म्हणाला. "आणि दाराशी कोण होतं?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. दाराशी क्वेई होता. क्वेईचा डावा पाय तरुणपणीच कापला होता, दुसऱ्या कुठल्याशा मालकानं, एका घोड्यावरून. पाय कापलेल्या माणसाला दारावर बसवतात, कारण तो जागा सोडून पळत नाही. क्वेई रात्रभर उंबऱ्याला पाठ लावून पडलेला असायचा. मला त्यानंच खांद्यावर बसवून चालायला शिकवलं, असं आजी सांगते. ते कसं जमलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

"चोर आला नाही," क्वेई म्हणाला.

"मग घुबड उडून गेलं?"

 भाऊबंदांचा घोळका पुढे सरकला. राखणदार चुकला तर पाय, हा कायदा सगळ्यांना तोंडपाठ होता, आणि सगळे बाबांकडे बघत होते. बाबांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता.

"पितर जेवत असताना रक्त सांडायचं नाही," बाबा बारीक आवाजात म्हणाले. "पितर उठले की... मग याचा उरलेला पाय."

पितर म्हणजे मी. आणि मी तर अजून बसलोही नव्हतो.

२

पितर कधी उठतात याचा नियम अगदी साधा आहे. पितर जेवतात. पितर म्हणतात, पोट भरलं. यजमान म्हणतो, छे छे, अजून घ्या. पितर अजून घेतात. असं चालता चालता एकदा पुरोहित ओरडतात, 'पितर तृप्त झाले!' आणि पितर उठतात.

मी ठरवलं, तृप्त व्हायचं नाही.

दिवस कासवानं ठरवलेला, तो काही पुढे ढकलता येईना. धार साध्या लाकडी वाडग्यातून सोडली. ती सोडताना बाबांचा हात असा थरथरत होता की अर्धे पितर तिसऱ्याच गावात निघाले असावेत. मला आतल्या कोपऱ्यात, भांड्यांच्या ओट्यामागे चटईवर बसवलं. पितरांची जागा तीच. शेजारी तीन पायांचा मोठा हंडा वाफाळत होता, त्यात मटण. पलीकडे मासे, सुकं मांस, बाजरी, लोणचं. बाबा गुडघे टेकून वाढायला बसले.

"बाबा, मासा घ्या," बाबा मला म्हणाले.

मी मटणाकडे बोट दाखवलं. त्यांनी एक तुकडा वाढला. तो मी संपवला आणि पुन्हा बोट दाखवलं.

"मासा आज फार ताजा आहे," बाबा म्हणाले.

"मटण," मी म्हणालो.

पुरोहित माझ्या कानाशी वाकले. "पितर बोलत नाहीत. पितरांच्या वतीनं मी बोलतो."

"मग तुम्ही म्हणा, मटण."

"फांग!"

"कोण फांग?" मी विचारलं.

 मी फांग आहे असं म्हटलं तर समोर पितर नाहीत, आणि पितर नाहीत तर पुरोहितांनी मघापासून बैलाएवढ्या आवाजात म्हटलेले मंत्र वाया. ते सरळ झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पितर म्हणतात, मटण."

तेवढ्यात आजी प्याला घेऊन आली. तिनं माझ्यापुढे गुडघे टेकले आणि झग्याचा गळा नीट केला.

"अहो, हळू जेवा. मेलात तेव्हाही असंच भराभरा जेवत होतात."

मी विषय बदलला. "घुबड कुणी नेलं?"

"नेलं ते बरं झालं. लग्नानंतर तुम्ही मला पहिली भेट काय आणलीत, तर एक घुबड. जेड नाही, रेशीम नाही. मी रडले तर म्हणालात, बघ, त्याचं डोकं निघतं."

"तूच तर नाही ना लपवलंस?"

"लपवायचं असतं तर तुम्ही जिवंत असताना लपवलं असतं. तेव्हा मजा आली असती."

"आणि हे डोळे बुजवलेले? तुला भीती वाटते या चेहऱ्यांची?"

"भीती?" आजी हसली. "दर वर्षी राखेनं घासते मी यांना. मी, सुना आणि तो क्वेई. पुढून, मागून, कुशीवरून. एकेका भांड्याला तीन-तीन तोंडं, आणि सगळ्यांच्या नाकपुड्यांत राख अडकते. त्यांनीच मला भ्यायचं!" मग ती जवळ वाकली. "आणि याच्याशी नीट बोला जरा. तुमच्या पुढ्यात अजून थरथरतो. तुम्ही याला बेडक्या म्हणायचात ना, तसं म्हणा. बरं वाटेल त्याला."

तिनं बाबांकडे बोट दाखवलं. बाबा हंड्याचं झाकण ओढून बंद करत होते.

आजी गेली, मी प्याला खाली ठेवला आणि मान वर केली. आणि माझा घास घशातच अडकला. ओट्यावरची सगळी भांडी टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.

३

घास उतरायला वेळ लागला. तेवढ्यात मला दोन गोष्टी कळल्या.

पहिली, पितर मेलेले असल्यामुळे त्यांना गुदमरून पुन्हा मरता येत नाही असं पुरोहित समजतात, त्यामुळे पाठीत कुणी धपाटा घालत नाही.

दुसरी, बाजरी फक्त पुढच्या बाजूला भरली होती. मागच्या बाजूच्या चेहऱ्यांना कुणी हातही लावला नव्हता. आणि मागची बाजू दिसते फक्त माझ्या जागेवरून; वाढणाऱ्याची तिकडे पाठ असते. म्हणजे मेल्याशिवाय ती दिसत नाही. किंवा मग भांडी घासावी लागतात.

दुसरा प्याला घेऊन काका आला. त्यानं इतक्या झोकात नमस्कार केला की त्याचा मुकुट कोपऱ्यात घरंगळला.

"बाबा, मी शू-मिन. तुमचा लाडका."

"लाडका मुलगा आमच्याकडे नव्हता," मी म्हणालो. हा अंदाज होता, पण काकाचा चेहरा बघून बरोबर निघाला असं वाटलं. "घुबडाचं काय केलंस?"

"मी? बाबा, मी तर उघडच म्हणत होतो की ते वितळवू या. त्याच्यातून एक छान नवं भांडं ओतून घेऊ, आतल्या बाजूला माझं नाव. चोरी करणारा माणूस आधी वर्षभर जेवताना रोज त्याविषयी बोलेल का?"

"तू बोलशील."

"बोलेन," काकानं कबूल केलं. "पण मग पाय कापायच्या वेळी मी सगळ्यात मोठ्यानं ओरडलो असतो का?"

"ओरडला असतास."

"तुम्ही मला फारच चांगलं ओळखता, बाबा," काका हिरमुसून म्हणाला.

मी एक हाड चोखलं. "हे सांग. आपल्या भांड्यांवर काय असतं?"

काकाचे डोळे चमकले. हा त्याचा आवडता विषय. यावरून त्यानं दोन लग्नांत भांडणं केली आहेत.

"लोक म्हणतात चेहरा. कसला चेहरा? दोन ड्रॅगन आहेत ते, बाबा! एक इकडून आलाय, एक तिकडून. कुशीवरून काढलेत, आणि नाकाला नाक भिडवून भांडताहेत. तळहातानं अर्धा भाग झाका, लगेच दिसतं. एक शिंग, एक डोळा, पाय, मागे वळलेली शेपटी. दुसऱ्याचंही तेच."

"मग ते आपल्याकडे बघत नाहीत?"

"एकमेकांवर डोळे वटारून उभे आहेत हो. आपल्याकडे बघायला त्यांना फुरसत कुठाय? मला तर लहानपणापासून तिथे चेहरा दिसतच नाही. दादाला दिसायचा. त्याला रात्री या देवळात पाठवलं की रडत परत यायचा, म्हणायचा सगळे माझ्याकडे बघतात." काका खुदकन हसला. "आणि आता बघा त्याची भक्ती. आज पहाटे हा हंडा त्यानं स्वतः भरला. आचाऱ्यांना जवळ येऊ दिलं नाही. म्हणाला, बाबांचं मटण मी माझ्या हातानं भरणार. नाहीतर एरवी बाजरी वाढायची तरी चार माणसं लागतात त्याला."

काका उठला. बाबा माशांची तिसरी परात घेऊन येत होते.

दर वर्षी याच जागेवर पणजोबा होऊन बसलेल्या चुलतकाकाला बाबांनी मटणाचा आग्रह करकरून बेजार केलेलं मी पाहिलं होतं. यंदा मासे येत होते, सुकं मांस येत होतं, लोणच्याचा सट रिकामा झाला होता. फक्त मटण मागून घ्यावं लागत होतं.

"पितर तृप्त दिसतात!" पुरोहित आशेनं म्हणाले.

"पितर अर्धपोटी आहेत," मी म्हणालो. "क्वेईला आत बोलवा."

 क्वेई आत येणार, म्हणजे काठी टेकत, दोन कुऱ्हाडवाल्यांच्या मधून.

४

"पितर द्वारपालाशी बोलत नाहीत," पुरोहित कुजबुजले.

"मेल्यावर कुणाशी बोलायचं हे तुम्ही शिकवणार?"

क्वेई समोर बसला. त्याचा उरलेला पाय त्यानं नीट पुढे पसरला होता. बहुधा मला बघता यावा म्हणून.

"थोरले मालक," तो म्हणाला, "आलात. बरं वाटलं. थोडे बारीक झालात."

"क्वेई, काल संध्याकाळपासून आत कोण आलं?"

"चोर आला नाही."

"मी चोराचं विचारत नाही. कोण आलं?"

 पितरांपुढे खोटं बोलता येत नाही, ही त्याची अडचण होती. तो खाली बघून म्हणाला, "थोरले मालक, हे तुम्ही मला विचारू नका. मी सांगितलं तरी पाय जाईल, नाही सांगितलं तरी जाईल. नाही सांगितलं तर निदान घर उभं राहील. मला काय, बसूनच काम आहे."

"बघा!" काका ओरडला. "कबूलच केलं!"

कुऱ्हाडवाल्यांपैकी एकानं कुऱ्हाडीची धार अंगठ्यानं तपासली. पितर उठायची वाट बघत असलेला माणूस पितरांच्या ताटाकडे ज्या नजरेनं बघतो, तशी त्याची नजर होती.

मी पुरोहितांकडे वळलो. "तुम्ही घसरलात कुठे?"

"आता ते कशाला, सगळ्यांसमोर..."

"कुठे?"

"यजमान धार सोडायला गुडघे टेकतो ना, त्याच जागी. बर्फ होता. काचेसारखा."

"त्याला मद्याचा वास होता?"

"नाही," पुरोहित म्हणाले. "माझं नाक बरोबर त्याच्यावर होतं. नुसतं पाणी. काल दुपारी भांडी मांडताना मीच तिथे झाडून घेतलं होतं, तेव्हा कोरडं होतं."

"भांडी तुम्ही मांडता?"

"दुसरं कोण मांडणार? एकेक उचलायची, फिरवायची, समोरासमोर लावायची. कंबर मोडते."

मी मान डोलावली. सगळं जागच्या जागी बसलं होतं, फक्त घुबड कुठे बसलंय ते कळायचं होतं. आणि मग मला बाबांची नजर दिसली. बाबा क्वेईकडे बघत नव्हते, पुरोहितांकडे बघत नव्हते, कुऱ्हाडीकडेही नाही. ते हंड्याकडे बघत होते. मी इतका वेळ निष्ठेनं जेवल्यामुळे आतला रस्सा बराच खाली गेला होता.

"बाळ," मी बाबांना म्हणालो, "तळातलं वाढ."

"तळातलं कडक असतं, बाबा. तुमचे दात..."

"मला आता दातांची काय काळजी?"

बाबांची पळी अर्ध्यातच थांबली. मी हात पुढे करून ती घेतली, उठून न उठल्यासारखा पुढे वाकलो, आणि पळी सरळ खाली घातली.

तळाशी मटण नव्हतं. तळाशी टण्ण झालं.

५

आवाज फक्त आम्हा दोघांना ऐकू आला. मी लगेच खोकलो. म्हातारा पितर खोकला की कुणी मनावर घेत नाही.

"सगळे बाहेर व्हा," मी म्हणालो. "मला माझ्या मुलाशी बोलायचंय."

"असा रिवाज नाही!" पुरोहित म्हणाले.

"आजपासून आहे. पूर्वजांनी घालून दिलेला."

पुरोहितांनी विचार केला. रिवाज पूर्वजच घालून देतात, हे खरं होतं. ते सगळ्यांना घेऊन अंगणात गेले. बाबा माझ्यापुढे गुडघ्यांवर बसले होते, आणि दाढीसकट ते फार लहान दिसत होते.

"बेडक्या," मी म्हणालो.

बाबांनी दचकून वर पाहिलं. मग त्यांचे डोळे भरून आले. मला एकदम वाटलं की आपण दुसऱ्याचं पत्र उघडलं आहे. पण अंगणात कुऱ्हाड होती.

"मी सांगतो, तू ऐक," मी म्हणालो. "चोर पाणी घेऊन येत नाही. काल संध्याकाळी इथे कुणीतरी घुबडातून पाणी ओतलं, धार सोडायच्या जागी, गुडघे टेकून. धार घरधन्याशिवाय कुणी सोडत नाही, तेव्हा सराव तरी दुसरं कोण करणार? पण त्याआधी त्यानं भांड्यांचे डोळे बुजवले. कारण त्याला ते आपल्याकडे बघतात असं वाटतं. पुढचेच बुजवले. कारण मागेही चेहरे आहेत हे त्याला माहीत नाही. तुझ्या आईला माहीत आहे, ती घासते. क्वेईलाही. पुरोहित ती उचलून मांडतात. उरलात तुम्ही दोघे भाऊ, तुम्ही जन्मभर फक्त समोर उभे राहून नमस्कार केलात. आणि शू-मिनला तिथे चेहराच दिसत नाही, त्याला भांडणारे ड्रॅगन दिसतात. भांडणारे ड्रॅगन बघतात म्हणून कुणी त्यांच्या डोळ्यांत बाजरी घालत नाही."



"आणि ज्या माणसानं मला कधी मटणाच्या आग्रहाशिवाय सोडलं नसतं, तो सकाळपासून मला मासे खाऊ घालतोय. घुबड पडलं का?"

"हात थरथरला, बाबा," बाबा म्हणाले. "तुम्ही थकल्यावर धार माझ्याकडे आली, आणि तुम्ही दर वर्षी म्हणायचात, हात थरथरतोय तुझा, पितरांना पाजतोयस की कोंबड्यांना? तुम्ही गेलात तरी तो थरथरतोच. यंदा पहिल्यांदा तुमच्यासाठी धार सोडायची होती. म्हटलं, एकदा सराव करू. कुणी बघत नसताना. पण हे सगळे बघत होते." त्यांनी ओट्याकडे हात केला. "बाजरी लावली तेव्हा बरं वाटलं. दोन धारा छान पडल्या. तिसऱ्या वेळी ते हातातून सुटलं आणि त्याचा कान तुटला."

"मग हंड्यात लपवलंस."

"हंडा कधी तळापर्यंत जात नाही. दर वर्षी अर्धा उरतो. वाटलं, उद्या काढून गुपचूप ओताऱ्याकडे नेऊ. मला काय माहीत, यंदा तुम्ही..." त्यांनी माझ्या पोटाकडे आदरानं पाहिलं. "इतके भुकेले येणार."

"आणि क्वेईचा पाय?"

बाबांनी मान खाली घातली. "सगळे बघत होते. तोंडातून शब्दच येईना. मला एवढंच सुचलं की पितर उठले की, असं म्हणावं. आणि मग तुम्हाला उठूच द्यायचं नाही."

"म्हणजे ते मासे?"

"तळ्यातून अजून काढायला सांगितलेत," बाबा म्हणाले. "ओढ्याकडेही माणसं गेलीत. संध्याकाळपर्यंत निभलं असतं. पुढचं सुचलं नव्हतं."

 सकाळपासून एकाच माणसाचा पाय वाचवायला आम्ही दोघं माझं एकच पोट वापरत होतो.

"पितर तृप्त झाले का?" अंगणातून पुरोहितांनी विचारलं. मागून कुऱ्हाडीचा दांडा जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

बाबा उठू लागले. "मी बाहेर जाऊन सांगतो. मीच पाडलं म्हणतो."

ते खरंच दाराकडे निघाले. तेव्हा मला कळलं की हे त्यांना जमेल, आणि उद्यापासून शू-मिन काका त्यांच्या जागी बसायला निघेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळल्या.

"बस खाली," मी म्हणालो. "बाप अजून जिवंत आहे."

६

सगळे आत आले तेव्हा घुबड माझ्या मांडीवर होतं. त्याच्या चोचीतून रस्सा गळत होता.

"घुबड मी नेलं होतं," मी म्हणालो.

 मग पुरोहित सावधपणे म्हणाले, "पितर म्हणतात, घुबड... आपण?"

"माझं आहे. मी लुटून आणलं होतं. काल आठवण झाली, घेऊन गेलो. आज येताना परत आणलं आणि गरम राहावं म्हणून हंड्यात ठेवलं."

"आणि भांड्यांचे डोळे?" काकानं विचारलं.

"मी न सांगता आलो होतो. ही भांडी चहाड्या करतात."

"पण बाबा, त्याचा कान तुटलाय!"

"वर यायचा रस्ता खराब आहे," मी म्हणालो. "दुरुस्त करा कुणीतरी."

काका पुरोहितांकडे वळला. पुरोहितांच्या चेहऱ्यावर मोठी लढाई चालू होती. समोर फांग बसला आहे म्हटलं तर सकाळपासूनचा सगळा विधी फुकट, मंत्र फुकट, कासव फुकट. शेवटी ते छाती भरून ओरडले, "पितरांनी स्वतः येऊन घुबड नेलं आणि परत आणलं! असा मान आजवर कुठल्याही घराण्याला मिळालेला नाही!"

सगळे भाऊबंद धडाधड वाकले. आजी मात्र उभीच होती.

"खरं आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "यांचं जन्मभर हेच. न सांगता यायचं आणि वस्तू नको तिथे ठेवायची." ती बोलत माझ्याशी होती, पण बघत बाबांकडे होती.

"मग द्वारपालाचं काय?" एका कुऱ्हाडवाल्यानं विचारलं. बिचारा सकाळपासून उपाशी उभा होता.

 हे उत्तर देणं माझं काम नव्हतं. सगळे बाबांकडे बघत होते, अगदी सकाळसारखेच. बाबांनी एकदा ओट्यावरच्या बाजरी भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग क्वेईकडे.

"सकाळचा निवाडा माझा चुकला," बाबा म्हणाले. आवाज बारीकच होता, पण तुटला नाही. "क्वेईनं दार नीट राखलं. त्याचा पाय त्याचाच आहे. कुऱ्हाडी घेऊन जा, आणि जेवा."

क्वेईनं पसरलेला पाय हळूच जवळ ओढून घेतला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसला.

मग बाबांनी घुबड धुतलं, त्यात सुगंधी मद्य भरलं आणि त्याच जागी गुडघे टेकले. हात थरथरत होता. धार नागमोडी पडली, थोडी झग्यावर, थोडी पुरोहितांच्या पायावर.

"छान," मी म्हणालो.

आजोबांनी हा शब्द कधी वापरला होता की नाही, मला माहीत नाही. पुरोहितांनी मोठ्यानं सांगितलं, "पितर म्हणतात, छान!" आणि बाबांनी घुबड खाली ठेवलं नसतं तर त्याचा दुसरा कानही गेला असता.

"पितर तृप्त झाले!"

यावेळी ते अगदी खरं होतं. मला उठवायला दोन माणसं लागली.

पितरांना निरोप द्यायला यजमान उंबऱ्यापर्यंतच येतो. पुढे येत नाही, कारण उंबऱ्याच्या आत मी त्याचा बाप आणि बाहेर त्याचा मुलगा, आणि मुलापुढे बापानं वाकायचं कसं, याचं उत्तर पुरोहितांकडेही नाही. बाबा आत थांबले, कमरेत वाकले, म्हणाले, "बाबा, पुढच्या हिवाळ्यात या." मी उंबरा ओलांडला. क्वेईनं मला वाट करून द्यायला पाय बाजूला घेतला. बाहेर आल्यावर मी झगा काढला, वळलो, आणि बाबांपुढे मुलगा वाकतो तसा वाकलो.

पोटामुळे नीट वाकता आलं नाही. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. पुरोहित आत भांड्यांच्या डोळ्यांतली बाजरी काडीनं काढत होते.

"फांग," बाबा हळूच म्हणाले, "बाबा खरंच रागावले नाहीत ना रे?"

"मला कसं कळणार, बाबा?" मी म्हणालो. "मी तर आत्ता आलो."